डाग न पडलेला ॲप्रन

ॲप्रन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी उभा राहतो. गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट आणि खिशात स्टेथोस्कोप. स्वयंपाकघराशी हा शब्द आपण फारसा जोडला नाही, कारण तिथे आपल्याकडे पदर होता. काम निघाले की पदर खोचायचा, पाहुणे आले की तोच सोडून सावरून घ्यायचा. राबणे आणि आदरातिथ्य या दोन्ही गोष्टी एकाच वस्त्राच्या एकाच टोकाने निभावल्या जात. त्यामुळे खास पाहुण्यांसमोर मिरवण्यासाठी शिवलेला ॲप्रन ही कल्पना आपल्याला जरा चमत्कारिक वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र ही वस्तू अगदी नेहमीची होती. तिला नावच होते ‘होस्टेस ॲप्रन’, म्हणजे यजमानीणबाईंचा ॲप्रन. संध्याकाळच्या मद्यपानाच्या मेजवानीसाठी असेल तर ‘कॉकटेल ॲप्रन’.

हा ॲप्रन कसा असे ते आधी पाहू. छातीवरचा भाग नाही. कमरेपासून मांडीपर्यंत येणारा अर्धाच तुकडा. कापड ऑर्गंडीचे, कधी शिफॉनचे, कधी नायलॉनच्या जाळीचे, म्हणजे आरपार दिसेल असे. कडेला झालर किंवा नागमोडी लेस, एखादा चिमुकला खिसा, आणि मागे मोठा फुलपाखरी बो बांधता यावा म्हणून लांबरुंद पट्टे. अशा ॲप्रनला तेलाचा एक थेंब सोसत नाही. ऑर्गंडी धुतली की चुरगळते आणि इस्त्री फिरल्याशिवाय पुन्हा उभी राहत नाही. ज्या वस्तूचे मूळ कामच कपडे डागांपासून वाचवणे, तिलाच डागांपासून जपण्याची वेळ यावी, हे कोडे मला बरीच वर्षे छळत आले आहे. प्रस्तुत लेखात ते सोडवण्याचा प्रयत्न आहे.

या वस्तूकडे पाहण्याच्या दोन रीती सध्या रूढ आहेत. पहिली स्मरणरंजनाची. आजीचा ॲप्रन, ओव्हनमधून दरवळणारा वास, दारात हसत उभी असलेली गृहिणी. १९५७ ते १९६३ या काळात चाललेल्या ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या दूरचित्रवाणी मालिकेतली जून क्लीव्हर ही या चित्राची अधिष्ठात्री देवता. बार्बारा बिलिंग्स्ली या अभिनेत्रीने रंगवलेली ही आई गळ्यात मोत्यांची माळ घालून घरात वावरते. दुसरी रीत स्त्रीवादी टीकेची. तिच्या लेखी ॲप्रन म्हणजे बेडी; झालर लावली म्हणून बेडीचा दागिना होत नाही. या दोन्ही रीतींत तथ्य आहे. पण दोन्हींनी एक साधा प्रश्न विचारलेला नाही: हा विशिष्ट आकार आला कुठून? अर्धा, पांढुरका, झालरीचा, मागे बो असलेला ॲप्रन यापूर्वी कोण घालत होते?

मूळ मालकीण कोण?

कामाच्या ॲप्रनची वंशावळ वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अमेरिकी शेतकरी कुटुंबातली बाई जो ॲप्रन घाली तो गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा, जाड सुती कापडाचा असे. त्याने गरम भांडी उचलली जात, अंडी गोळा केली जात, मुलांची नाके पुसली जात. पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या गोण्या कापडी असत. बायका त्यांचे कपडे शिवतात हे कंपन्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी गोण्यांवर फुलाफुलांची छपाई सुरू केली. मंदीच्या काळात असंख्य ॲप्रन या गोण्यांतूनच निघाले. पहिल्या महायुद्धात हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनाशी जोडला गेलेला ‘हूवर ॲप्रन’ तर फार हिशेबी. पुढचे दोन पदर एकमेकांवर येत. वरचा मळला की तो आत घालून खालचा वर घ्यायचा. हा ॲप्रन मळणारच हे त्याच्या शिवणीनेच मान्य केलेले होते.

पाहुण्यांसमोर दिसणारा नाजूक ॲप्रन या घराण्यातला नाही. त्याचे माहेर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आहे. ब्रिटनमध्ये आणि त्यांचे पाहून अमेरिकेतल्या धनिक घरांत दिवाणखान्यातल्या मोलकरणीला दोन गणवेश असत. सकाळी झाडलोट करताना छापील सुती झगा आणि मोठा ॲप्रन. दुपारनंतर, म्हणजे दार उघडायला आणि चहा न्यायला, काळा झगा, डोक्यावर टोपी आणि पुढे पांढरा, झालरीचा, लहानसा ॲप्रन. तो ॲप्रन कशापासूनच संरक्षण करीत नसे. ही व्यक्ती वाढणारी आहे, बसणारी नाही, एवढेच तो आल्यागेल्याला सांगे. १९५०च्या दशकातला होस्टेस ॲप्रन या दुपारच्या ॲप्रनशेजारी ठेवून पाहावा. रंग बदलले आहेत, ठेवण तीच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: हा मोलकरणीचा ॲप्रन आहे, आणि मोलकरीण निघून गेल्यावर तो मालकिणीने बांधला आहे.

मोलकरीण गेली कुठे?

ती गेली कारखान्यात. युद्धसामग्रीच्या उद्योगांत वर्णभेद करता येणार नाही, असा आदेश राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१मध्ये काढला. अंमलबजावणी अर्धीमुर्धी झाली, तरी घरकामापेक्षा बरा पगार आणि ठरलेले तास देणारी दारे काही प्रमाणात उघडली. १९४० साली नोकरी करणाऱ्या दर १०० कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० जणी परक्यांच्या घरी राबत होत्या. १९६०पर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या थोडे वर उरले होते. ज्या राहिल्या त्यांतही मालकाच्या घरी मुक्कामाने राहणाऱ्या कमी होत गेल्या. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या वाढल्या. मेजवानीची वेळ नेमकी त्या गेल्यानंतरची.

ही चाहूल शिष्टाचारांच्या पुस्तकांना आधीच लागली होती. एमिली पोस्ट यांचे ‘एटिकेट’ १९२२ साली आले तेव्हा त्यात नोकरांचा ताफा गृहीत होता. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी ‘मिसेस थ्री-इन-वन’ नावाचे पात्र आणले. स्वयंपाकीण, वाढपीण आणि यजमानीण या तिघी एकाच बाईत. नाव गमतीचे आहे, पण त्यात एक गणित आहे: तीन माणसांचे काम एकीवर आले, आणि तरीही तिने तिसरीसारखेच, म्हणजे यजमानिणीसारखेच, दिसायचे.

या पेचाला किमान तीन उत्तरे पुढे आली. ती शेजारी शेजारी ठेवली तर होस्टेस ॲप्रनचा अर्थ उलगडतो.

पहिले उत्तर क्लेअर मॅकार्डेल या वेशरचनाकार स्त्रीचे. नोकर युद्धकामावर गेल्यामुळे ज्यांना स्वतः घरकाम करावे लागते अशा स्त्रियांसाठी काहीतरी रचा, असे ‘हार्पर्स बझार’ मासिकाने सुचवले, आणि १९४२मध्ये तिने ‘पॉपओव्हर’ झगा काढला. डेनिमचा, अंगाभोवती लपेटून बांधायचा, मोठ्या खिशाचा, आणि सोबत ओव्हनमधले भांडे धरायचा हातमोजा जोडलेला. किंमत ६ डॉलर ९५ सेंट. यात लपवाछपवी नाही. मी काम करते, त्यासाठी हा पोशाख आहे, आणि तो सुंदरही आहे, असे हा झगा सांगतो.

दुसरे उत्तर रसेल आणि मेरी राइट या दांपत्याचे. त्यांच्या ‘गाइड टू ईझियर लिव्हिंग’ (१९५०) या पुस्तकाचा आग्रह असा की, नोकर नाहीत तर नोकरांच्या काळातली मेजवानीही नको. अन्न एका जागी मांडावे, पाहुण्यांनी हाताने घ्यावे, आवराआवरीला हात लावावा. त्यांनी पोशाख बदलला नाही, पाहुणचाराची रीतच बदलू पाहिली.

तिसरे उत्तर होस्टेस ॲप्रनचे. मेजवानी जुनीच राहील, मांडणी जुनीच राहील. फक्त वाढणारी आणि बसणारी यांच्यात फरक उरणार नाही. ऑर्गंडीचा तुकडा बांधला की ती वाढपीण, सोडला की यजमानीण.

तिन्हींपैकी घरोघरी पसरले ते तिसरे. त्याला मोठी कंपनी लागत नव्हती. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक यांचे कागदी नमुने दुकानांत मिळत, कापड अर्धा-पाऊण वार लागे, शिलाई मशीन घरात असे. पण सोय हे एकच कारण नव्हते. पहिले उत्तर स्वीकारायचे तर आपण मोलकरणीचे काम करतो हे कबूल करावे लागत होते. दुसरे स्वीकारायचे तर पाहुण्यांना, विशेषतः नवऱ्याच्या साहेबांना, उठून ताट धुवायला लावावे लागत होते. तिसऱ्यात काहीच कबूल करावे लागत नव्हते.

भिंत गेली, पडदा आला

याच वेळी घराचा नकाशाही बदलत होता. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने १९४७ साली लेव्हिटटाउनचे बांधकाम सुरू केले. १९५१पर्यंत तिथे १७,०००हून अधिक घरे उभी राहिली होती. पहिली घरे ७५० चौरस फुटांची. १९४९च्या नव्या नमुन्यात स्वयंपाकघर मागून पुढे, प्रवेशदाराजवळ आले. जुन्या मोठ्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये झुलते दार असे. कष्ट दाराच्या पलीकडे राहत. नव्या लहान घरात पाहुणा आत पाऊल टाकतो तोच स्वयंपाकघराशेजारी. दाराने जे काम केले असते ते आता बाईच्या अंगावरच्या कापडाला करावे लागले. आरपार दिसणारे कापड लपवणार तरी काय, असे कोणी विचारील. पण हा ॲप्रन शरीर किंवा झगा लपवण्यासाठी नव्हताच. त्याचा स्वच्छपणा पाहुण्याला सांगत होता की इथे कष्ट झालेलेच नाहीत.

कष्ट तर होत होतेच. जोॲन व्हॅनेक या संशोधिकेने १९७४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, बाहेर नोकरी न करणाऱ्या अमेरिकी गृहिणी १९२०च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत. १९६०च्या दशकात सुमारे ५५ तास. मधल्या काळात घरोघर धुलाईयंत्र, शीतकपाट, तयार पिठे, डबाबंद पदार्थ येऊन गेले होते. पाहुणचाराची पुस्तके या तासांची बोळवण कशी करावी ते शिकवत. ‘बेटी क्रॉकर्स गाइड टू ईझी एन्टरटेनिंग’ १९५९चे. बेटी क्रॉकर ही बाई कधी जन्मलीच नव्हती. १९२१ साली एका पीठ कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी ते नाव तयार केले होते. कष्ट न दिसता पाहुणचार करण्याचा धडा, जिला हातच नाहीत अशा बाईच्या नावाने द्यावा, यात त्या काळाचे सगळे सार आले.

पुरुषांच्या अंगावरचा ॲप्रन

निकोलस रे यांच्या ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) या चित्रपटात एक प्रसंग आहे. घरी परतलेल्या मुलाला वरच्या मजल्यावर काहीतरी सांडल्याचा आवाज येतो. त्याला वाटते, आई. पाहतो तर वडील. ऑफिसच्या सुटावर झालरीचा ॲप्रन बांधलेले, पत्नीसाठी नेत असलेले जेवण जिन्याजवळ सांडून ते गुडघ्यांवर बसून आवरत आहेत. मुलाला हे पाहवत नाही. चित्रपट आपल्यालाही सांगतो की या घराचे सगळे दुखणे या ॲप्रनमध्ये आहे. आज तो प्रसंग पाहताना वेगळेच काही ध्यानात येते. आजारी बायकोला जेवण नेणाऱ्या नवऱ्यात केविलवाणे असे काय आहे? तोच ॲप्रन आईने घातला असता तर कॅमेरा तिथे थांबलाही नसता. ॲप्रन खरोखर निरुपद्रवी शोभेची वस्तू असता तर पुरुषाच्या अंगावर तो फक्त विनोदी दिसला असता. इथे तो अपमान म्हणून दिसतो, कारण तो सेवकाचा आहे हे प्रेक्षकाला आतून ठाऊक आहे.

पुरुषांसाठी वेगळा ॲप्रन होताच. १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी वेबरची गोल झाकणाची शेगडी बनवली आणि परसदारी मांस भाजण्याची हौस वाढत गेली. त्या शेगडीपाशी उभ्या राहणाऱ्या पुरुषाचा ॲप्रन जाड कापडाचा, गळ्यापासून खाली येणारा, अंगावर थट्टेचे वाक्य छापलेला. तो खरोखर कपडे वाचवत होता. म्हणजे ज्याने सुटीच्या दिवशी एकदा निखाऱ्यापाशी उभे राहायचे त्याला कामाचा ॲप्रन, आणि जिला आठवड्याचे ५५ तास राबायचे तिला शोभेचा!

दोन मिल्ड्रेड

मायकेल कर्टिझ यांच्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’ (१९४५) या चित्रपटातली मिल्ड्रेड घर चालवण्यासाठी उपाहारगृहात वाढपिणीचे काम करते आणि ते मुलींपासून लपवते. थोरल्या मुलीला आईचा गणवेश सापडतो. ती काय करते? तो घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीच्या अंगावर चढवते. हा पोशाख आईचा असूच शकत नाही, तो लॉटीचाच असणार, हे मुलीने परस्पर ठरवलेले असते. किंवा ठरवल्याचे सोंग घेतलेले असते, आईला डिवचण्यासाठी. गौरवर्णीय मध्यमवर्गीय बाई आणि मोलकरीण यांच्यात फक्त एका कपड्याचे अंतर उरले आहे, ही भीती या प्रसंगात उघडी पडते. पुढच्या दशकातल्या झालरी आणि बो या भीतीवरचा उतारा होत्या, असे मला वाटते. सेवकाचा पोशाख इतका नाजूक, इतका हौशी करायचा की पुन्हा कोणाला सेवक आठवू नये.

दुसरी मिल्ड्रेड आहे ॲलिस चाइल्ड्रेस यांच्या ‘लाइक वन ऑफ द फॅमिली’ (१९५६) या पुस्तकातली. चाइल्ड्रेस स्वतः कृष्णवर्णीय लेखिका आणि नाटककार. त्यांची मिल्ड्रेड न्यूयॉर्कमध्ये घरकाम करते आणि आपली मैत्रीण मार्जला दिवसभराच्या हकिकती सांगते. पुस्तकाला नाव देणाऱ्या हकिकतीत घरी पाहुणी आलेली असते. मालकीण तिला कौतुकाने सांगते की मिल्ड्रेड आमच्या घरच्यासारखीच आहे. पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड हिशेब मांडते: घरची माणसे जेवणघरात जेवतात, मी स्वयंपाकघरात. पाहुणचाराच्या त्या दशकावर लिहिले गेलेले यापेक्षा नेमके भाष्य मला माहीत नाही. पाहुणचाराची पुस्तके पाहुण्याकडून दिवाणखाना पाहतात. चाइल्ड्रेस तो आतल्या बाजूने दाखवतात.

इथे लेव्हिटटाउनची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथल्या सुरुवातीच्या करारांत गौरवर्णीयांखेरीज कोणाला राहता येणार नाही, असे कलम होते. मात्र नोकर म्हणून राहायला हरकत नव्हती. म्हणजे ज्या समाजातल्या बायकांचा ॲप्रन यजमानीणबाईंनी बांधला, त्या समाजाला त्या घरात यजमान व्हायची बंदी होती.

हातांचे श्रेय

एवढे म्हटल्यावर या ॲप्रनांना नुसते ढोंग ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. शाळांतल्या गृहशास्त्राच्या वर्गात मुलींनी शिवलेली पहिली वस्तू पुष्कळदा ॲप्रन असे. चौकड्यांच्या सुती कापडावर चौकडी मोजून घातलेली टाक्यांची नक्षी पाहिली तर करणारीची नजर आणि धीर जाणवतो. चर्चच्या विक्रीत ॲप्रनांचे टेबल असे आणि त्यातून निधी उभा राही. मैत्रिणीला, सुनेला, शेजारणीला ॲप्रन भेट दिला जाई. ज्या बाईच्या कष्टांना नाव नव्हते, तिने आपले कसब याच तुकड्यावर गोंदून ठेवले. पण त्या कलाकुसरीचे मोल मानायचे तर ती कशाची झाकण झाली तेही सांगावे लागते. दोन्ही गोष्टी एकाच कापडात आहेत.

१९६३च्या फेब्रुवारीत बेटी फ्रीडन यांचे ‘द फेमिनिन मिस्टिक’ प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात बॉस्टनच्या दूरचित्रवाणीवर जुलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला आणि त्याच वर्षी जून क्लीव्हरची मालिका संपली. चाइल्ड यांच्या कमरेला साधा ॲप्रन आणि त्यात खोचलेले हात पुसायचे फडके असे; त्या फडक्याला हात पुसले जात. पुढे बेट्ये सार यांनी १९७२मध्ये ‘द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा’ या कलाकृतीत, पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतली हसरी, डोक्याला फडके बांधलेली मोलकरीण हाती बंदूक देऊन उभी केली. १९७५मध्ये मार्था रॉस्लर यांनी ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ या चित्रफितीत स्वयंपाकघरातल्या वस्तूंची इंग्रजी बाराखडी सादर केली. तिचे पहिले अक्षर ॲप्रनचे. ती तो अंगावर चढवते आणि मग एकेक उपकरण रागाने हातात घेते. ॲप्रन हे चिन्ह आहे हे तोवर उघड झाले होते.

शेवटी संग्रहालयांविषयी. अमेरिकेतल्या वस्त्रसंग्रहांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात या काळातले जे ॲप्रन दिसतात त्यांत नाजूक, झालरीचे, न मळलेले ॲप्रन मोठ्या संख्येने आहेत. त्यावरून त्या काळातल्या बायका असेच ॲप्रन घालत असा समज होतो. कारण साधे आहे. कामाचा ॲप्रन विरेपर्यंत वापरला गेला, मग त्याचे पोतेरे झाले, मग तो संपला. शोभेचा ॲप्रन वर्षातून चार वेळा बांधला गेला आणि इस्त्री होऊन खणात परत गेला, म्हणून तो उरला. ज्यात सर्वांत कमी काम झाले तेच त्या कामाचे स्मारक बनून बसले आहे. या ॲप्रनांचे प्रदर्शन मांडताना एक खुंटी मोकळी सोडावी आणि खाली लिहावे: इथला ॲप्रन वापरून संपला.